बावीस पावलांचं अंगण

शिरूर कासार
२ मे २०२५

श्री. विजयसिंहराव यांस,

तुमचा ड्रायव्हर सुरज काल दुपारी पाकीट घेऊन आला. ‘सायबांनी सही घेऊनच ये म्हनलंय’ असं सांगून ओट्यावर बसला. मी त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि रिकाम्या हाताने परत पाठवला. त्याच्यावर चिडू नका. माणूस गुणाचा आहे, पाकीट कुणाचं आहे यात त्याचा काय दोष.

पाकिटात दोन कागद निघाले. एक संमतीपत्र. उमापूरची आपली कोठी दुरुस्त करून पुण्याच्या हॉटेलवाल्या कंपनीला चालवायला द्यायला माझी, म्हणजे वडिलांच्या मुलीची, काही हरकत नाही, असं मी म्हणायचं आहे. दुसरा कागद दिवाणखान्यात लावायच्या फलकाच्या मजकुराचा. तो वाचून मी मोठ्याने हसले. आमचे हे आतून विचारत आले, काय झालं. त्यांना वाचून दाखवला तर तेही हसले. तुमचे दाजी वर्षातून किती वेळा हसतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

‘सन १९०८ मध्ये ब्रिटिश अभियंत्याच्या देखरेखीखाली उभारलेली वास्तू.’ कोण हा अभियंता? तो उमापुरात कुणाकडे जेवायचा? निजामाच्या मुलखात, गेवराईपलीकडच्या त्या माळावर, आपल्या पणजोबांचं घर बांधायला गोरा माणूस कशाला कडमडला होता? लोक ‘साहेबाची कोठी’ म्हणतात म्हणून तिथे साहेब राहिला होता असं तुम्हालाही वाटायला लागलं असेल, तर कमाल आहे.

इथपर्यंत अहो-जाहो केलं, पुढे जमत नाही. तुझं शेंबडं नाक मी पुसलेलं आहे. तेव्हा सरळ सांगते. सही करणार नाही. अठ्ठावीस वर्षांत तुला माझा पत्ता सापडला नाही, आणि सहीची गरज पडल्यावर सुरजला पहिल्या फटक्यात सापडला. लेकीला पंचमीला माहेरी न्यायला घरचं माणूस येतं. त्याला मुराळी म्हणतात हे कदाचित तुझ्या लेकीला, आरोहीला सांगावं लागेल, तुला नाही. माझ्याकडे आला तो पाकीटवाला.

फोन करू नकोस. फोनवर तू दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडतोस आणि झेडपीच्या निवडणुकीची सभा असल्यासारखा सुटतोस. काही म्हणायचं असेल तर कागदावर म्हण.

सौ. विजयमाला


शिरूर कासार
१९ मे २०२५

विजयसिंह,

तुझं पत्र मिळालं. ओळी चार. पहिल्या तिन्हींचा अर्थ एकच की कंपनीची मुदत ३१ जुलैला संपते आणि सगळ्या वारसांच्या सह्या नसतील तर करार मोडतो. चौथी ओळ, ‘फलकात चूक असेल तर तूच सांग, तुला लई माहीत असतं.’

हो, माहीत असतं. तू औरंगाबादच्या बोर्डिंगात होतास तेव्हा बाबांचे पाय चेपायला मी होते, आणि बाबा बोलायचे ते पाय चेपतानाच. आता ऐक.

पणजोबा सुंदरराव जालन्याच्या छावणीत एका साहेबाकडे गेले होते. काम घोड्यांच्या खरेदीचं असावं, बाबांनाही नक्की माहीत नव्हतं. साहेबाने त्यांना ओसरीत उभं ठेवलं, सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत. ओसरीत खुर्च्या चार होत्या, त्यातल्या एकीवर कुत्रं झोपलेलं. ‘बस’ असं कुणी म्हटलं नाही, आणि न सांगता बसणारा तो माणूस नव्हता. काम न करताच ते परत आले. घरी आल्यावर त्यांनी पाणी मागितलं नाही, म्हाळू गवंड्याला बोलावून घेतलं. म्हणाले, ‘मला तसाच बंगला पायजे. त्या चार खुर्च्यांसगट.’

म्हाळूने जालन्याला जाऊन त्याच बंगल्यात चुना मारायचं काम धरलं. दोन महिने तो दिवसा भिंती रंगवायचा आणि येता-जाता पावलांनी खोल्या मोजायचा. कागद नाही, नकाशा नाही. परत येऊन त्याने आपल्या माळावर राखेच्या रेघा ओढल्या. ओसरी अकरा पावलं, दिवाणखाना चौदा, मागचं अंगण बावीस. साहेबाच्या बंगल्याला मागे अंगण नव्हतं. ते पणजीने भांडून मागून घेतलं, आणि अंगणापलीकडची एक खोलीसुद्धा.

आता तुझ्या ब्रिटिश अभियंत्याचं. दिवाणखान्यात ती नक्षीची शेकोटी आहे ना, जिच्यासमोर तू टीव्हीचं शोकेस ठोकलंस? म्हाळूने ती उन्हाळ्यात पाहिली होती. साहेब तिच्यात फुलझाडाची कुंडी ठेवायचा. म्हाळूला वाटलं, मोठ्या लोकांचा कोनाडा असेल. त्याने तो हुबेहूब बांधला, वर दगडी फळीसुद्धा बसवली. धूर जायला वाट ठेवलीच नाही, कारण धूर असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे त्यात गोधड्या आणि पंचमीच्या झोक्याचा दोर राहायचा. आरोही वास्तुविशारद झाली असं ऐकते, तर तिला म्हण, शोकेस काढ, आत डोकं घाल आणि वर बघ.

ही कोठी एका माणसाच्या अपमानातून उभी राहिली आणि दुसऱ्या माणसाच्या पावलांनी मोजली गेली. फलकावर हे लिही, म्हाळूच्या नावासकट. नाहीतर कंपनीला दुसरी बहीण दाखव.

विजयमाला


शिरूर कासार
११ जून २०२५

विजयसिंह,

तुझं नाही, तुझ्या लेकीचं पत्र आलं. हाताने लिहिलेलं, आठ पानी. हे वळण तिने कुठून उचललं कुणास ठाऊक, तुझ्याकडून नक्कीच नाही.

तिने शेकोटीत डोकं घातलं. वर दगडी चिरा बसवलेला आहे, सरळ बंद. ती लिहिते की हसता हसता ती खाली बसली आणि तू मात्र ‘नंतर बुजवलं असेल’ म्हणत मोबाईल काढून बाहेर गेलास. बुजवलेलं आणि मुळात नसलेलं यातला फरक तिला शिकवलेला आहे, ती तुला सांगेल.

भिंतींचंही कळलं. सत्त्याण्णव साली तू आख्ख्या कोठीला सिमेंट फासून वर गुलाबी ऑइलपेंट दिलास. बाबा नको म्हणत आले होते, ते गेल्यावर तुला मोकळं रान मिळालं. आता आरोही सांगते की त्या सिमेंटमुळे भिंतींना श्वास घेता आला नाही, ओल आत कोंडली आणि दगडांमधला चुना भुसभुशीत झाला. ती गवंडी लावून सगळं सिमेंट खरवडून काढते आहे. म्हणजे दुरुस्ती कोठीची चाललेली नाही, तुझ्या दुरुस्तीची चाललेली आहे. हे फलकावर नको लिहूस, माझी काही हरकत नाही.

चुना कसा करायचे ते तिने मला विचारलं आहे. गूळ, बेलफळ आणि उडदाचं पाणी, एवढं मला आठवतं. बाकी आश्रुबालाच ठाऊक. म्हाळूचा नातू तो, ऐंशीला टेकला असेल. आपल्याकडे सालाने राहून जन्म घालवला, पण हात गवंड्याचा. ती म्हणते त्याने अंगणात खड्डा करून चुना भिजत घातला आहे आणि रोज तिला दम देतो, ‘हात लावू नगं पोरी. अजून मुरला न्हाई. त्याला घाई केली की भितीवर गेल्यावर फुटतोय.’

इथपर्यंत वाचताना मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मग सहाव्या पानावर तिने नकाशा काढलेला. अंगणापलीकडच्या खोलीवर लिहिलं होतं, ‘प्रसाधनगृह, पुरुष व महिला’.

विजयसिंह, ती बाळंतिणीची खोली आहे. पणजीने भांडून घेतलेली. घरच्या लेकी बाळंतपणाला तिथे यायच्या. तू तिथे जन्मलास, मी तिथे जन्मले. माझी मुलगी तिथेच झाली आणि तिसऱ्या दिवशी तिथेच गेली, तेव्हा आई सव्वा महिना माझ्याजवळ त्या खोलीत जमिनीवर झोपली. तू ज्या आईला नंतर ‘मागं बरं पडतं तिला’ म्हणून त्याच खोलीत सहा वर्षं ठेवलंस, ती गेली तीही तिथेच. आणि तिथे तू हॉटेलातल्या पाहुण्यांसाठी संडास करतोस.

सत्त्याण्णवची पंचमी तू विसरला असशील, मी नाही. ओसरीच्या कडीला झोका बांधलेला, मी झोक्यावर, आई झोका देत होती. तू हक्कसोडीचा कागद घेऊन आलास आणि झोका धरून थांबवलास. मी म्हणाले, ‘आधी आईची खोली तिच्या नावाने लिहून दे, मग करते सही.’ तू म्हणालास, ‘सही कर, न्हाईतर पुढच्या वर्षी मुराळी येणार न्हाई.’ मी म्हणाले, ‘नको येऊ दे.’

आमच्या शिरूरला दिवाळी झाली की अर्धं गाव घराला कुलूप लावून ऊसतोडीला जातं. मी शाळेत शिकवायचे तेव्हा माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरी जायच्या. पण सहा महिन्यांनी ते कुलूप उघडायला त्या परत यायच्या. मला राग याचा आहे की मला तेवढंही घर ठेवलं नाहीस.

खोलीला हात लावायचा नाही. ही पहिली अट. दुसरी मी लिहिणार नाही, तुला कळत असेल तर कळेल.

विजयमाला


शिरूर कासार
२ जुलै २०२५

विजयसिंह,

काल पांढरी गाडी दारात उभी राहिली. गल्लीतल्या बाया बघायला आल्या. आतून सुरज उतरला. ‘सायबांनी तुमाला कोठी बघायला आनायला सांगितलंय. एसी लावलाय, बसा.’

मी विचारलं, ‘साहेब कुठे आहेत?’

‘साईटवर हायेत. त्यांचं म्हननं, गाडी हाय तर मानूस कशाला पायजे.’

गाडी परत पाठवली. जाताना सुरजला म्हणाले की तुझ्या साहेबांना सांग, बहिणीला न्यायला गाडी येत नसते, माणूस गाडीत बसून येतो.  तो गेला तेव्हा तुझी चिठ्ठी ओट्यावर ठेवून गेला.

चिठ्ठी वाचली. खोली ठेवतो म्हणतोस, फलक बदलतो म्हणतोस, ठीक. शेवटी लिहिलंस, ‘मुराळ्याचं रडगाणं पुरे कर. मी आलो न्हाई हे खरं. पण शेवटच्या पंचमीला आईनं आश्रुबाला तुला आणायला धाडलं होतं. तुझ्या दाराला कुलूप होतं. आई दिवसभर ओसरीत बसून राहिली. तू कुठं होतीस?’

या ओळीला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही.

विजयमाला


शिरूर कासार
१४ जुलै २०२५

विजय,

बारा दिवस झाले. रोज कागद घेऊन बसते आणि कोठीच्या गोष्टी आठवते, म्हणजे खिडक्यांच्या वरच्या लाल-निळ्या काचा, शहाबादी फरशीवरचा तो घोड्याच्या डोक्यासारखा दिसणारा चट्टा, असलं काहीबाही. हे म्हणाले, ‘जे लिहायचं ते सोडून सगळं लिहिते आहेस.’ मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. मग बोलले, कारण त्यांचं बरोबर होतं.

मी घरी होते.

२००३ सालची पंचमी, दुपारी बाराची वेळ. आश्रुबा एसटीने आला होता. डोक्याला उपरण्याची टापर, हातात पिशवी. पिशवीत आईने भाजलेल्या ज्वारीच्या लाह्या आणि हिरवं खणाचं कापड. दारात उभा राहून म्हणाला, ‘ताई, बाईनं धाडलंय. चला म्हनल्यात. लई वाट बघत्यात. उठता येईना त्यास्नी, पर लाह्या सोता भाजल्या.’

मी विचारलं, ‘विजय का नाही आला?’

‘मालक मुंबईला गेलते. मीच आलो. मी काय परका हाय का?’

तो परका नव्हता. मला खांद्यावर बसवून त्याने बैलपोळा दाखवलेला आहे. पण माझ्या डोक्यात तू होतास. सहा वर्षं मी मनातल्या मनात दारात तुला आणत होते आणि काय काय बोलायचं ते पाठ करत होते, आणि आला आश्रुबा. मी म्हणाले, ‘आईला सांग, भाऊ आला तर येईन. गड्याबरोबर येणार नाही.’

गडी म्हणाले मी त्याला. तो चहा न घेताच गेला. पिशवी ठेवून गेला. लाह्या आम्ही खाल्ल्या, खण माझ्या पेटीत आहे, शिवला नाही.

कुलूप कुठेच नव्हतं. कुलूप आश्रुबाने लावलं, आईसमोर. लेकीने यायचं नाकारलं हे त्याच्याने तिला सांगवलं नाही, म्हणून तो म्हणाला, दाराला कुलूप होतं. तुझी चिठ्ठी येईपर्यंत हे मला माहीत नव्हतं. बावीस वर्षं मी धरून चालले होते की आईला माझा निरोप पोचला, आणि ती माझ्यावर रागावून गेली. ती रागावली नव्हती. ती फक्त वाट बघत होती. यातलं वाईट कुठलं ते मला ठरवता येत नाही.

कार्तिकात ती गेली. शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला. मी पोचले तेव्हा सरण पेटलेलं होतं. तू मला बघून पाठ फिरवलीस आणि मला ते सोयीचं वाटलं, कारण तू बोलला असतास तर मला हे सांगावं लागलं असतं. अठ्ठावीस वर्षं तुला दोष दिला, त्यातली सहा खरी आहेत. बाकीच्यांचं काय करायचं ते तू ठरव.

याचा अर्थ माझा तुझ्यावरचा राग गेला असा करून घेऊ नकोस. तू स्वतः आला असतास तर आश्रुबाला यावं लागलं नसतं.

विजयमाला


उमापूर, कोठी, मागची खोली
२९ जुलै २०२५, पंचमी, सकाळ

विजू,

तू समोर दिवाणखान्यात आहेस, मी अंगणापलीकडे, आणि आपण अजून पत्रच लिहितो आहोत. तुझ्या फोनवर बोलण्याचा आवाज इथपर्यंत येतो. कंपनीच्या माणसाला तू सांगतो आहेस, ‘सही होईल, होईल.’ कुणी सांगितलं?

काल आरोही शिरूरला आली. एकटी, स्वतः गाडी चालवत. चप्पल दारात काढून उभी राहिली आणि म्हणाली, ‘आत्या, मी मुराळी.’ मी म्हणाले, पोरी मुराळी नसतात. ती म्हणाली, ‘पप्पा गाडीत बसले होते. शिरूरच्या वेशीपर्यंत आले. तिथं उतरले आणि म्हनाले, तूच जा, मला कामं हायेत, मी एसटीनं जातो माघारी.’ बापाची नक्कल तिला छान येते. वेशीपर्यंत आलास हे मी मोजायचं की वेशीवरून फिरलास हे मोजायचं, यावर मी सबंध रस्ताभर विचार केला. पण आलेल्या माणसाला परत पाठवायची चूक मी दुसऱ्यांदा करणार नव्हते.

आम्ही आलो तेव्हा तू ओसरीत बसला होतास. चार खुर्च्या मांडलेल्या, नवीन वेत विणून घेतलेला. एकीवर तू. तू उठलास, माझ्याकडे बघितलंस आणि आत गेलास. ‘बस’ म्हणाला नाहीस. मीही बसले नाही. सुंदररावांचं रक्त दोघांत सारखंच उतरलं आहे, त्याला काय करणार.

कोठी चांगली दिसते. हे मी आरोहीला सांगितलं, तुलाही सांगते. तो गुलाबी रंग गेला आणि चुन्याचा जुना सायीसारखा रंग आला. फलक वाचला. म्हाळूचं नाव मोठ्या अक्षरात आहे आणि साहेबाचं कुत्रंसुद्धा आहे. कुत्र्याचं मी लिहिलं तेव्हा तू ते वाचत असशील असं मला वाटलं नव्हतं.

काल संध्याकाळी आश्रुबा खोलीच्या दाराशी आला. मी त्याचे पाय धरले. तो मागे सरकला, म्हणाला, ‘असं करू नगा ताई. मी कुलूप लावलं, तुमी काढलं. झालं.’ मग चुन्याच्या खड्ड्यावर पोतं टाकायला निघून गेला. त्याच्या जागी मी असते तर एवढ्यावर सोडलं नसतं.

आणि झोका. आज पहाटे उठून पुढे आले तर ओसरीच्या कडीला नवा दोर दिसला. आरोही म्हणते तिने बांधला नाही. आश्रुबाचा हात आता तेवढा वर जात नाही. गाठ बघितली. उलटी मारलेली आहे, सुटणारी. अशी गाठ या घरात एकालाच येते, लहानपणी माझ्या वेणीला मारायचास तीच. तिच्या भरवशावर झोक्यात बसले तर कंबर मोडून घेईन. मी ती सोडून नीट बांधली आहे. तू फोनवर होतास, तुला दिसलं नसेल.

कागद माझ्याजवळ आहे. सही केली आहे की नाही ते मी आरोहीलाही सांगितलेलं नाही. हे पत्र तिच्या हाती देते आहे. उत्तर तिच्या हाती देऊ नकोस, सुरजच्याही नको.

अंगण बावीस पावलं आहे, म्हाळूच्या मापाने. मी सकाळी चालून बघितलं तर माझी एकोणतीस भरली, गुडघ्यांमुळे. तुझी किती भरतात बघ. माझ्या दारापर्यंत येणं तुला जमलं नाही, वेशीवरून फिरलास. इथे वेस नाही.

दार उघडं आहे. लाह्या भाजून झाल्या आहेत. आत दोनच पाट आहेत, एकावर मी बसले आहे. तू आलास की मी आधी ‘बस’ म्हणेन. बाकीचं भांडण मग करू.

ताई